ग्राफिक्स बघायचे की खेळायचं?

आमच्या कंपनीत नवीन आलेली पोरं गेमबद्दल बोलायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला: ग्राफिक्स कसे आहेत? गेम कसा आहे, हे नंतर. पाण्यात सावली पडते का, गवत हलतं का, यावर जेवणाच्या रांगेत वाद चालतात. माझं मत त्यांना माहीत आहे आणि पटत नाही, म्हणून इथे लिहितो. चित्र स्पष्ट हवं, सुंदर असलंच पाहिजे असं नाही. समोर काय आहे, आपल्याला काय करता येईल आणि केलं त्याचं काय झालं, एवढं डोळ्यांना पटकन कळलं की ग्राफिक्सचं निम्म्याहून जास्त काम झालं.

गंमत म्हणजे जे जिंकायला खेळतात, तेच ग्राफिक्स कमी करतात. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये 'स्मूथ' नावाचा अगदी साधा पर्याय आहे. मुरलेले खेळाडू तोच लावतात आणि फ्रेम रेट वर नेतात. चित्र भराभर बदलतं, बोट हलवलं की नेम लगेच हलतो, फोनही कमी तापतो. म्हणजे महागडा फोन घ्यायचा आणि त्यावर अगदी स्वस्त चित्र लावायचं!

टेट्रिस बघा. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो बनवला, तेव्हा त्यांच्या मशीनवर फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटत. त्यांनी कंसाची चिन्हं शेजारी शेजारी ठेवून ठोकळे केले. तोच खेळ 1989 मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आला. त्याचा पडदा हिरवट, रंग नाही, आतून उजेडही नाही. त्याच सुमारास अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर ही रंगीत, उजेडाची यंत्रं बाजारात आली. दोन्हींना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चाले. बाजी त्यानेच मारली. आखाती युद्धात होरपळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात कित्येक वर्षं काचेत ठेवला होता. वरचं प्लास्टिक वितळलेलं, आणि पडद्यावर टेट्रिस चालू.

सेलचा हा हिशोब शहरात बसून लक्षात येत नाही. लडाखच्या थंडीत फोन जॅकेटच्या आत, अंगाला लावून ठेवावा लागतो. बाहेर काढला की चाळीस टक्के दाखवणारी बॅटरी बघता बघता मान टाकते. जनरेटर चालू असेपर्यंतच चार्जिंग, त्यातही पाळी लावून. राजस्थानात उलटं. फोन आधीच तापलेला असतो, त्यात जड गेम लावला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो आणि ऐन वेळी चित्र अडकतं. पाण्यातली ती सुंदर सावली फुकट मिळत नाही. घरी फोन करायला जी बॅटरी राखून ठेवायची, तिच्यातून ती जाते.

जुलै 2020 मध्ये लष्करात 89 अ‍ॅप काढून टाकायचा आदेश आला. त्यात पबजीही होता. मग उरले नेट न लागणारे खेळ, आणि लुडो किंगला दिवस आले. नवी मुंबईत बनलेला हा गेम. चार रंगांचा पट, एक फासा, बास. एकाच फोनवर चौघं खेळतात, फोन चारपाईच्या मधोमध. घराच्या दारात आलेली सोंगटी मारली गेली की जो आरडाओरडा होतो, तो मी कुठल्याही भारी ग्राफिक्सच्या गेमला ऐकलेला नाही. मारणारा समोर बसलेला असतो ना, आणि उद्या पहाटे पीटीला शेजारीच उभा असतो.

एक मान्य करतो. काही गेम बघण्यासाठीच असतात. सुट्टीत मित्राकडे रेड डेड रिडेम्पशन 2 खेळलो. काम सोडून अर्धा तास नुसता बर्फातून घोडा चालवला. तिथे चित्र काढून घेतलं तर फारसं काही उरणार नाही. पण युद्धाच्या गेममधल्या खरेपणाचं मला कौतुक नाही. बंदुकीचा स्क्रू न् स्क्रू खरा असतो, पण रात्री दोन ते चारचा पहारा, जिथे काहीच घडत नाही आणि तरी डोळा लागू द्यायचा नसतो, तो कुणी गेममध्ये घालत नाही. बरोबरच आहे म्हणा, पैसे देऊन कोण खेळेल?

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण माझा पुतण्या. नववीत आहे. "काका, ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या, त्याशिवाय गेमला मजाच नाही," असा त्याचा मेसेज आला. कार्डाची किंमत बघितली. पगारातून घरी पाठवतो ते पैसे आणि ती किंमत शेजारी शेजारी ठेवून बघितली. आणि हाच पठ्ठ्या वहिनीच्या फोनवर तासन्‌तास माइनक्राफ्ट खेळतो, ज्यात सूर्यसुद्धा चौकोनी आहे! मी विचारलं, त्यात काय बांधलंस ते दाखव. एकामागून एक सतरा फोटो आले. तळघर, गव्हाचं शेत, दारात पहाऱ्याला लोखंडी गोलेम. प्रत्येक फोटोखाली दोन-दोन ओळी माहिती. कार्डाचं पुढच्या सुट्टीत बोलू म्हणाला.