यादीत नसलेलं दुसरं नाव

युरोपातल्या क्लब फुटबॉलमधली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. तिचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात, तरी कोलकात्यापासून गोव्यापर्यंत डोळे चोळत जागणारे काही कमी नाहीत. तुमच्याही घरात एखादा असेल! पूर्वी याच स्पर्धेचं नाव युरोपियन कप होतं. ती जिंकणाऱ्या संघांच्या मॅनेजरांची, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांची, यादी काढली तर १९७९ आणि १९८० या दोन्ही वर्षांपुढे एकच नाव दिसतं. ब्रायन क्लफ, संघ नॉटिंगहॅम फॉरेस्ट.

यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या दोन्ही कपांमागे आणखी एक माणूस होता, पीटर टेलर. आज गोष्ट या दोघांच्या दोस्तीची आणि ती कशी तुटली त्याची.

दोघांची भेट १९५५ च्या सुमारास मिडल्सब्रो या क्लबात झाली. टेलर गोलरक्षक, क्लफपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. क्लफ तेव्हा कोवळा पोरगा होता आणि संघात त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. हा मुलगा गोलांचा पाऊस पाडणार, हे टेलरने ओळखलं आणि भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. पुढे क्लफने लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. पण २६ डिसेंबर १९६२ ला गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली. वय होतं फक्त २७.

१९६५ मध्ये हार्टलपूल्स नावाच्या अगदी तळाच्या क्लबाने क्लफला मॅनेजर म्हणून बोलावलं. त्याने पहिला फोन टेलरला केला. टेलर तेव्हा दुसऱ्या एका छोट्या क्लबात स्वतः मॅनेजर होता. ते पद सोडून तो क्लफचा मदतनीस झाला. तिथून दोघे डर्बी काउंटीला गेले. दुसऱ्या श्रेणीत अडकलेला तो संघ त्यांनी वर आणला आणि १९७२ मध्ये इंग्लंडचा विजेता केला.

कामाची वाटणी सरळ होती. क्लफ बोलका, फटकळ, टीव्हीवर झळकणारा. खेळाडूंना धाकात कसं ठेवायचं आणि कधी पाठीवर हात ठेवायचा हे त्याला बरोबर कळे. टेलरची नजर पारखी. गावोगावच्या मैदानांवर जाऊन, गर्दीत उभा राहून तो खेळाडू हेरायचा. क्लफ स्वतःच सांगायचा की मी दुकानाची दर्शनी बाजू आहे आणि पीटर म्हणजे आतला माल.

टेलरशिवाय काय होतं तेही दिसलं. डर्बी सोडल्यावर दोघे ब्रायटनला गेले. १९७४ मध्ये क्लफ एकटाच लीड्स युनायटेडला गेला आणि ४४ दिवसांत त्याला काढून टाकण्यात आलं. जानेवारी १९७५ मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. संघ दुसऱ्या श्रेणीत, तोही मधल्या फळीतला. दीड वर्ष गाडी तशीच रखडली. जुलै १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाला आणि चित्र पालटलं.

जॉन रॉबर्टसन नावाचा खेळाडू फॉरेस्टमध्ये आधीपासूनच होता. अंगाने सुटलेला, सिगारेट ओढणारा, क्लबाला नकोसा झालेला. टेलरने त्याला समोर घेऊन खरमरीत शब्दांत सुनावलं आणि त्याच वेळी त्याच्या पायात काय जादू आहे हेही सांगितलं. केनी बर्न्स हा दुसरा. बेशिस्त म्हणून बदनाम. त्याला घेण्याआधी तो फावल्या वेळात काय करतो ते पाहायला टेलर चक्क कुत्र्यांच्या शर्यतीला जाऊन आला. आघाडीला खेळणाऱ्या बर्न्सला त्यांनी बचावफळीत उभं केलं आणि १९७८ मध्ये तो इंग्लंडमधला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

फॉरेस्ट १९७७ मध्ये पहिल्या श्रेणीत आलं, १९७८ मध्ये लीग जिंकलं. १९७९ मध्ये म्युनिकच्या अंतिम सामन्यात त्यांनी स्वीडनच्या माल्मोला १-० ने हरवलं. डावीकडून रॉबर्टसनने चेंडू उचलून दिला आणि ट्रेवर फ्रान्सिसने डोक्याने तो जाळ्यात धाडला. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये हॅम्बुर्गला १-० ने नमवलं. या वेळी गोल खुद्द रॉबर्टसनचा. फॉरेस्टच्या कपाटात लीगचं विजेतेपद एक आणि युरोपियन कप दोन, असा अजब हिशेब आजही आहे.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

१९८० मध्ये टेलरने दोघांच्या भागीदारीवर पुस्तक काढलं, आणि क्लफला आधी कळवलं नाही. ती पहिली ठिणगी. १९८२ च्या मे महिन्यात टेलरने थकलो म्हणून निवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो डर्बीचा मॅनेजर झाला. तेही एक वेळ चाललं असतं. पण १९८३ मध्ये क्लफ एका धर्मादाय पदयात्रेला गेलेला असताना टेलरने रॉबर्टसनला डर्बीत घेतलं. त्याचा करार संपला होता, म्हणजे नियमाने काहीच चुकीचं नव्हतं. फक्त एक फोन करायचा राहिला होता. क्लफला राग खेळाडू गेल्याचा कमी होता, आपल्याला सांगितलं नाही याचा जास्त.

नॉटिंगहॅम आणि डर्बी ही शहरं अगदी शेजारी, अंतर साधारण २५ किलोमीटर. मधून ए-५२ नावाचा रस्ता जातो. क्लफने जाहीरपणे म्हटलं की या रस्त्यात पीटरची गाडी बंद पडली आणि तो हात करताना दिसला, तर मी त्याला गाडीत घेणार नाही, अंगावर गाडी घालीन. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. पण छापून आलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि त्याने घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

सात वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. ४ ऑक्टोबर १९९० ला मयोर्का बेटावर सुट्टीसाठी गेलेल्या टेलरचं निधन झालं. वय ६२. क्लफ अंत्यविधीला गेला. १९९४ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, ते त्याने टेलरला अर्पण केलं. समेट न केल्याची खंत त्याने पुढे बोलूनही दाखवली. पण ऐकणारा राहिला नव्हता.

टेलर गेल्यानंतरचा मैदानावरचा हिशेबही बोलका आहे. क्लफ आणखी अकरा हंगाम फॉरेस्टमध्ये होता. त्याने १९८९ आणि १९९० मध्ये लीग कप जिंकला, हे काही थोडं नव्हे. पण लीग किंवा युरोपियन कप पुन्हा कधी हाती लागला नाही. टेलरलाही एकट्याने डर्बीत जम बसवता आला नाही. १९८४ मध्ये त्याने ते काम सोडलं.

क्लफ २००४ मध्ये गेला. आता डर्बीच्या स्टेडियमबाहेर २०१० पासून दोघांचा एकत्र पुतळा उभा आहे, मधोमध चषक. आणि ए-५२ रस्त्याच्या त्याच टप्प्याला ब्रायन क्लफचं नाव दिलेलं आहे.

भांडणं कुणाची होत नाहीत? भावाभावांत होतात, जुन्या भागीदारांत होतात, तीस वर्षांच्या मैत्रिणींत होतात. पुष्कळदा कारण मोठं नसतं, ‘मला सांगितलं का नाही’ एवढंच असतं. मग पहिला फोन कुणी करायचा यावर दोन्हीकडे वर्षं जातात. तुमच्या मोबाइलमध्येही असा एखादा नंबर असेल. चूक त्यांचीच असेलही. तरी या रविवारी तो लावून पाहा. सामना काय, रात्री उशिराच आहे.