‘चालतंय की’ म्हणून गाळलेली देवनागरी

आपल्या मालगाडीचं हौशी मॉडेल कुठे दिसलं तर आधी वॅगनची बाजू बघा. मी पाहिलेल्या बऱ्याच मॉडेल्सवर आकडे असतात, रोमन अक्षरं असतात, देवनागरी मात्र गायब. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘एवढं बारीक कोण बघतंय? चालतंय की!’

माझं भांडण या ‘चालतंय की’शी आहे.

हेच मित्र फोटोवरून रिव्हेट मोजतात. ब्रेकचा पाइप जरा वाकडा लागला तर रात्रभर झोपत नाहीत. वॅगनचा अकरा आकडी क्रमांक त्यांना तोंडपाठ वाचता येतो: पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा तपासणीचा. एवढी नजर असलेल्या माणसाला विभागीय रेल्वेचं देवनागरीतलं नाव दिसत नाही, हे मला पटत नाही. दिसतं. फक्त ते करायला कटकटीचं आहे.

कटकट मी नाकारत नाही. तांबूस-तपकिरी बॉक्सएन वॅगनवरची अक्षरं पांढरी असतात आणि घरातल्या प्रिंटरकडे पांढरा रंगच नसतो. निळसर, किरमिजी, पिवळा, काळा, संपलं. पांढरं हवं असेल तिथे तो काही छापत नाही, कागद पांढरा आहे असं धरून चालतो. पारदर्शक डिकलवर ‘काही न छापणं’ म्हणजे खालचा तपकिरी रंग तसाच दिसणं.

मग लोक पळवाट काढतात. पांढऱ्या डिकल कागदावर अक्षरांभोवती वॅगनचा रंग छापायचा. पण छापलेला तपकिरी आणि फवारलेला तपकिरी कधी जुळत नाहीत, आणि कापलेली कड पांढरी डोकावते. एकेकाळी जपानच्या आल्प्स कंपनीचे प्रिंटर होते, पांढऱ्या रिबनचे. ते कधीच बंद झाले.

आज घरी करण्यासारखा मार्ग एकच आहे: पांढरा टोनर. ठराविक लेझर प्रिंटरमध्ये काळ्याच्या जागी पांढरं कार्ट्रिज बसतं. फाइलमध्ये अक्षरं काळी काढायची, मशीनच्या समजुतीप्रमाणे ते काळंच छापत असतं. कागद मात्र लेझरसाठीचाच घ्या, इंकजेटचा डिकल कागद आतल्या उष्णतेने वितळून चिकटू शकतो. वॅगनवर आधी चकचकीत वार्निश मारा, नाहीतर खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग उठतात. एका थरात पांढरा फिका वाटला तर त्यावर दुसरं डिकल नेमकं बसवा.

आता देवनागरीचा खरा प्रश्न. समजा मूळ वॅगनवर अक्षर 150 मिलिमीटर उंच आहे आणि त्याची रेघ 20 मिलिमीटर जाड. एचओ म्हणजे 1:87 मापात उंची 1.7 मिलिमीटर उरते, रेघ जेमतेम 0.23. 600 डीपीआयच्या प्रिंटरला त्या रेघेसाठी पाचेक ठिपके मिळतात. रोमन ‘सी’ त्यात निभावतो. ‘मध्य’ लिहायला जा: शिरोरेषा, अर्धा ध, त्याला चिकटलेला य. संगणकातला तयार फाँट नुसता लहान केला की ध ची पोकळी बुजते आणि पांढरा ठिपका उरतो. म्हणून मी फाँट वापरत नाही. समोरून काढलेल्या फोटोवरून इंकस्केपमध्ये अक्षर गिरवतो, आणि पोकळ्या मुद्दाम थोड्या मोठ्या ठेवतो. एका शब्दाला एक संध्याकाळ जाते. मग तो शब्द कायमचा आपला.

‘पांढरा टोनर महाग आहे’ हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येकाने तो का घ्यावा? एका ए-फोर पानावर डझनभर वॅगनची अक्षरं सहज बसतात. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक कार्ट्रिज घ्या, गिरवलेल्या फाइली एकमेकांना फुकट द्या. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिकची डिकल्स तयार मिळतात, कारण ती मागणारे लोक आहेत. आपण मागतही नाही आणि करतही नाही, वर ‘मिळत नाही’ म्हणून रडतो.

परदेशातल्या मॉडेलवाल्याला आपली वॅगन आपली म्हणून कशावरून ओळखू येणार? चाकांवरून तर नाहीच. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, 1:87 मध्ये तो सव्वाएकोणीस व्हायला हवा. पण तयार एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचे मिळतात म्हणून आपण मुकाट्याने अरुंद गाडी चालवतो. ती तडजोड मला समजते, नवे रूळ घालणं प्रत्येकाला परवडत नाही. अक्षरांना मात्र एक संध्याकाळ आणि वाटून घेतलेलं कार्ट्रिज पुरतं. तेवढंही करायचं नसेल तर फळीवर फिरणाऱ्या त्या डब्याला भारतीय रेल्वेचं मॉडेल म्हणू नका.