कामाचे नाव आणि कामाचे मोल

समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन मिळावे, हे तत्त्व उघडपणे नाकारणारा मालक आज सापडणे कठीण. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात ते आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा या विषयावरील करार भारताने १९५८ साली मान्य केला. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. तत्त्वाविषयी वाद नाहीच. दोन कामे समान आहेत हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, येथेच सारी गोम आहे.

या दृष्टीने मुंबईतील मॅकिनन मॅकेंझी कंपनीचा खटला आजही अभ्यासण्याजोगा आहे. या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लघुलेखिकांचा वर्ग वेगळा होता आणि पुरुष लघुलेखकांची वेतनश्रेणी वेगळी. लघुलेखन तेच, टंकलेखन तेच; पगार मात्र स्त्रियांना कमी. हा भेद मालकाने चोरून केलेला नव्हता. १९७५ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारातच तो नमूद होता! १९७७ साली नोकरी सुटल्यावर एका लघुलेखिकेने फरकाची मागणी केली. पहिल्या अधिकाऱ्याने कामे सारखीच असल्याचे मान्य करूनही, करारामुळे हा लिंगभेद ठरत नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला. अपिलात मात्र ७,१९६ रुपये ६७ पैसे तिला द्यावेत असा निर्णय झाला. एवढ्या रकमेसाठी कंपनी उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९८७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, तेव्हा नोकरी सुटून जवळजवळ दहा वर्षे लोटली होती.

या निकालातील तीन गोष्टी कार्मिक अधिकाऱ्याने, ज्याला आता मनुष्यबळ व्यवस्थापक म्हणतात, पाठ करून ठेवाव्यात. प्रत्यक्षात कोणते काम केले जाते ते पाहावे, कागदावर कोणते नाव दिले आहे ते नव्हे. संघटनेची सही असली तरी करार कायद्याच्या वर जात नाही. आणि कंपनीची आर्थिक स्थिती खालावली आहे, ही सबब कमी वेतनाला चालत नाही. सहाच वर्षांपूर्वी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात याच न्यायालयाने त्यांचा संवर्ग पुरुष सेवकांपासून वेगळा मानला होता. पहिल्या गरोदरपणात सेवा संपविण्याचा नियम रद्द झाला खरा, पण वेगळ्या संवर्गाची भिंत शाबूत राहिली. हे ध्यानी घेतले म्हणजे १९८७ च्या निकालाचे महत्त्व अधिक कळते.

त्याच वर्षी संसदेने १९७६ च्या कायद्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. मूळ कायद्यात भरतीतील भेदभावाला मनाई होती. ती आता बढती, प्रशिक्षण आणि बदली यांनाही लागू झाली. यांपैकी प्रशिक्षण हा शब्द विशेष मोलाचा. नव्या यंत्राचे किंवा संगणकाचे शिक्षण घेण्यासाठी कोणाला पाठवायचे, हे मालकच ठरवितो. वर्ग परगावी किंवा संध्याकाळी असेल तर स्त्रियांना विचारलेही जात नाही; ‘त्यांना घरचे असते’ हे परस्पर गृहीत धरले जाते. पुढे वेतनातील तफावतीचा जाब विचारला की त्याच मालकाचे उत्तर तयार असते : पुरुषाचे कौशल्य अधिक आहे. कौशल्य वाटायचेही त्याने आणि त्याच्या अभावाचा दाखला द्यायचाही त्यानेच!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आणि १९७६ चा कायदा मागे पडला. संहितेत समान वेतनाचे कलम आहे, पण प्रशिक्षण हा शब्द त्यात स्वतंत्रपणे नाही; भरती आणि सेवाशर्ती एवढाच उल्लेख आहे. सेवाशर्तींत प्रशिक्षण येते असा अर्थ लावता येईल, परंतु जे स्पष्ट लिहिलेले होते ते आता वादाने सिद्ध करावे लागेल. शिवाय समान कामाच्या व्याख्येत कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांच्या जोडीला ‘अनुभव’ ही कसोटी आली आहे. अनुभवाला मोल असावे, हे शिक्षकांना किंवा कारकुनांना पटवून द्यावे लागणार नाही. तथापि बाळंतपणामुळे आणि मुलांच्या संगोपनामुळे ज्यांची सेवा खंडित होते, त्यांच्याविरुद्ध ही कसोटी सहज वापरता येईल. कोणाची निवड का झाली, कोणाची का झाली नाही, याची लेखी नोंद ठेवून ती कर्मचाऱ्यांना पाहू देणे व्यवस्थापकाच्या हाती आहे. त्यासाठी कायद्याने भाग पाडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दावा दाखल करण्यास संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे. मात्र दावा करण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचा पगार ठाऊक असावा लागतो. मुंबईच्या त्या लघुलेखिकेला तो कळू शकला, कारण दोन्ही वेतनश्रेणी त्या अन्यायकारक करारातच लिहिलेल्या होत्या. आजच्या अनेक खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात, आपले वेतन कोणालाही सांगू नये, अशी अट असते.