जंगल राखणाऱ्याचा रोज

व्याघ्रप्रकल्पाच्या खर्चाची चर्चा निघाली की कात्री आधी पगारावर येते. वनरक्षक, वनपाल आणि संरक्षण कुटीतले रोजंदारी मजूर यांच्यावर दर महिन्याला पैसा जातो आणि त्यातून दिसण्यासारखे काही उभे राहत नाही, असा आक्षेप असतो. त्यापेक्षा शिक्षा कडक करा, कॅमेरे आणि ड्रोन लावा, उरलेले पर्यटनातून भागवा, असे सुचवले जाते. हे उपाय टाकाऊ नाहीत, पण गस्तीची जागा त्यांतला एकही घेत नाही.

शिक्षेचा मुद्दा आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास 3 ते 7 वर्षे कैद आहे. 2022 च्या दुरुस्तीने किमान दंडही 10 हजारांवरून 25 हजारांवर नेला. शिकारी मात्र कलम वाचून जंगलात शिरत नाही, तो आपण सापडू का एवढेच बघतो. झांबियातील लुआंग्वा खोऱ्यातल्या हत्ती आणि गेंड्यांच्या शिकारीवर लीडर-विल्यम्स आणि मिल्नर-गलंड यांनी 1993 मध्ये हेच मांडले: शिक्षा वाढवण्यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता वाढवणे अधिक परिणामकारक ठरते. ती शक्यता पायी फिरणाऱ्यांच्या संख्येवर आणि त्यांच्या फेऱ्यांवर ठरते.

कॅमेरा बघतो, फास काढत नाही. उन्हाळ्यात वनरक्षक पाणवठ्यावर पोहोचला की काठाला मेलेले पक्षी किंवा मासे आहेत का, हे आधी पाहतो, कारण ती विषाची खूण असू शकते. शेताच्या कडेने जाताना त्याची नजर 11 केव्हीच्या वाहिनीकडे असते: कुणी आकडा टाकलाय का, खाली खुंट्या रोवून तार ताणलीय का. तार बहुधा रानडुकरासाठी लावलेली असते, पण तिच्यात वाघही मरतो. ती रात्री लावून पहाटे गुंडाळली जाते, म्हणून गस्तही अवेळीच घालावी लागते. हे काम धोक्याचेही आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात सर्वेक्षणासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली.

पर्यटनाच्या पैशाची अडचण वेगळीच. ताडोबाला गर्दी होते, मेळघाटला तेवढी होत नाही, शिकाऱ्यांना मात्र दोन्ही सारखेच. पावसाळ्यात ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते आणि 2020 च्या टाळेबंदीत तर सगळीच प्रवेशद्वारे बंद पडली. गाड्या थांबल्या म्हणून गस्त थांबवता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पाचा. तिथे कर्मचारी होते, निधी होता, पावलांच्या ठशांवरच्या गणनेत वाघही होते. तरी 2005 पर्यंत एकही वाघ उरला नाही. हा आक्षेप खरा आहे, पण तो पगाराविरुद्ध जात नाही. नेमणूक झाली म्हणजे राखण झाली, हा समज तेवढा तो मोडतो. शिवाय वाघ गेल्याचा खर्चही तिथेच मोजता येतो. 2008 मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणावे लागले. त्यांतला पहिलाच नर 2010 मध्ये विषबाधेने मेला, आणि राखण नव्याने उभी करायची वेळ आलीच.

तेव्हा हिशेब डोक्यांचा नव्हे, दर चौरस किलोमीटरला किती गस्त झाली याचा हवा, आणि त्यात वेळेवर मिळणारा रोज धरायला हवा. इथेच काटकसर सर्वांत महाग पडते. रोजंदारी मजुराचा रोज महिनोन् महिने थकतो, त्याच्याकडून गस्त मात्र आजच हवी असते. नाले, पाऊलवाटा आणि वाघाची ये-जा गावातल्या याच माणसाला ठाऊक असते. बाहेरून आलेल्या शिकारी टोळीलाही वाटाड्या म्हणून असाच माणूस लागतो, आणि ती पैसे रोख मोजते.