तुमची खतावणी नेमकी कुणाच्या कुलपात आहे?



मागच्या बॅचमध्ये प्रायव्हसीचा विषय निघाला, तर कळंबचे एक दादा पटकन म्हणाले, "सर, आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? वाचू द्या की कंपनीला!" सगळे हसले. मीही हसलो. मग विचारलं, दादा, तुमची उधारीची वही समोरच्या दुकानदाराला आठवडाभर द्याल का? गप्पच बसले.

बघा, धंदेवाल्यासाठी प्रायव्हसी म्हणजे काही गुपितं नव्हेत. कोणतं गिऱ्हाईक किती दिवसांनी परत येतं, कुणाला काय भाव दिला, ही आपली पुंजी. माझे वडील वही गल्ल्याखाली कुलपात ठेवायचे. आपण ती मोबाईलमध्ये ठेवली आणि किल्ली दुसऱ्याकडं दिली.

आता व्हॉट्सॲपचंच घ्या. खाजगी मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर कंपनीला वाचता येत नाही. हे श्रेय द्यायलाच पाहिजे. पण पाकीट न फोडताही पोस्टमनला कळतंच ना, कुणाचं पत्र कुणाला जातं आणि महिन्यातून किती वेळा!

२०१६ मध्ये फेसबुकला माहिती द्यायची की नाही, हे जुन्या वापरकर्त्यांना ठरवता येत होतं. जानेवारी २०२१ मध्ये नवीन पॉलिसी आली तेव्हा तो पर्याय गेला. मान्य करा, नाहीतर सोडा. ओरड झाल्यावर ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलली, एवढंच. युरोपातल्या लोकांसाठी मात्र अटी वेगळ्या, कारण तिथला कायदा कडक.

आपल्याकडं भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड लावला आणि जाहिरातींसाठी माहिती इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. पुढं अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड टिकला, पाच वर्षांची बंदी उठली. तर मला विचाराल, या कंपन्या आपला आदर करतात का? कायदा करायला लावतो तिथं करतात. बाकी ठिकाणी आपण गिऱ्हाईक नाही, माल आहोत.

"मग सोडा ना ॲप!" असं म्हणणारे भेटतात. कसं सोडणार? गिऱ्हाईक तिथंच आहे. भूमच्या एक ताई खवा-पेढ्याच्या ऑर्डर फक्त एका ॲपवर घ्यायच्या. ऐन नवरात्रात नंबर बंद झाला. कारण कळलं नाही, फोन लावायला माणूस नाही. नऊ दिवस गेले, नंबर दसऱ्यानंतर चालू झाला. खवा काही थांबत नाही हो! त्यांच्याकडं गिऱ्हाईकांचे नंबर कागदावर कुठंच नव्हते. नुकसान खव्याचं झालं तेवढंच नाही, बांधलेलं गिऱ्हाईक तुटलं.

आता जरा स्वतःकडं बघू, कारण इथं आपणही काही साधू नाही. बिल करताना नंबर घेतो आणि न विचारता ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकतो. मीही चार वर्षं हेच केलं. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना सांगितलंय, मोबाईल नंबरची सक्ती करू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा फक्त गुगल-मेटासाठी आहे असं समजू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. म्हणजे तयारीला वेळ आहे.

मी आता काउंटरवर सरळ विचारतो, "ऑफरचे मेसेज पाठवू का?" बरेच जण नको म्हणतात. पहिल्या महिन्यात लिस्ट निम्मी झाली, जिवावर आलं. पण हो म्हणणारे मेसेज उघडतात तरी!

आणि दर महिन्याला एक तारखेला सगळे नंबर वहीत उतरवतो. वहीचे रकाने कसे आखायचे ते रविवारच्या व्हिडिओत दाखवतो. दोनशे पानी वही आणून ठेवा.