जळकोट व परिसरातील जिल्हा परिषद शाळांत इयत्तांच्या प्रमाणात शिक्षक देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, तुळजापूर

विषय : रिक्त पदे शाळानिहाय भरणे व लहान इयत्तांना स्वतंत्र शिक्षक देणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जळकोट (ता. तुळजापूर) व परिसरातील पालक आणि ग्रामस्थ आपणांस निवेदन सादर करतो की,

शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी 60 पटापर्यंत 2, 61 ते 90 पटाला 3 आणि 91 ते 120 पटाला 4 शिक्षक मिळतात. तीस मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब कागदावर योग्य दिसतो. पण पट कितीही असला तरी इयत्ता पाचच असतात. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. पहिलीची अक्षरओळख चालू असताना दुसरीची मुले नुसती बसून राहतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. तिसरीपर्यंत वाचन, लेखन व अंकगणित पक्के करण्याचे निपुण भारत अभियानाचे 2026-27 पर्यंतचे उद्दिष्ट अशाने कसे गाठणार?

अधिनियमाच्या कलम 26 नुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. पाच पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी प्रमाण 20 टक्के होते. म्हणजे लहान शाळेत एकही पद रिक्त ठेवण्याची मुभा कायदा देत नाही. जिल्ह्याची सरासरी दाखवून ही उणीव भरून निघत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने वंचित विद्यार्थी अधिक असलेल्या भागांसाठी शिक्षकामागे 25 हून कमी विद्यार्थी हे लक्ष्य ठेवले आहे. धाराशिव हा नीती आयोगाच्या यादीतील आकांक्षित जिल्हा असून येथून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात. हे लक्ष्य आमच्या मुलांना लागू व्हायलाच हवे.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक शाळेचा पट, मंजूर, कार्यरत व रिक्त पदे शाळेच्या फलकावर लावावीत व ग्रामसभेत मांडावीत.
2. कलम 26 शाळानिहाय लागू करून रिक्त पदे भरावीत. बदली झालेल्या शिक्षकाला त्याच्या जागी दुसरा हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये.
3. अन्यत्र प्रतिनियुक्तीवर असलेले शिक्षक मूळ शाळेत परत पाठवावेत.
4. कलम 27 मधील जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत.
5. पहिली व दुसरीला स्वतंत्र शिक्षक द्यावा, तसेच केवळ आधार पडताळणी राहिली म्हणून संचमान्यतेत (पटावरून शिक्षकपदे मंजूर करताना) कोणतेही मूल वगळू नये, असा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा.
6. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्राचे शिक्षक मिळावेत. पट कमी झाल्याच्या कारणाने ही पदे काढू नयेत, अशी शिफारस करावी.

पहिल्या चार मागण्यांवर जिल्हा परिषद स्वतःच्या अधिकारात पावले उचलू शकते. ऐपतदार पालक मुलांना खासगी शाळेत घालतात. मजुराच्या व अल्पभूधारकाच्या मुलांना मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेचाच आधार आहे. कोणत्या शाळेला शिक्षक कधी मिळणार, हे तीस दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास पंचायत समितीसमोर लोकशाही मार्गाने धरणे धरावे लागेल.

आपले विश्वासू,
पालक व ग्रामस्थ, जळकोट
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव : मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, धाराशिव