पदाधिकारी म्हणजे संघटनेचा उपस्थाता

कोणत्याही वैद्यसंघटनेची नवी कार्यकारिणी निवडली गेली की पुढचे दोन महिने सत्कारांचे असतात. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रातील छायाचित्र. त्याबद्दल आमची तक्रार नाही; दवाखाना सांभाळून विनामोबदला काम करणाऱ्यास एवढा मान मिळावाच. परंतु या गडबडीत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही : मावळत्या सचिवांनी दप्तर नव्या सचिवांच्या स्वाधीन केले काय?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका लहान संघटनेचे सचिवपद आमच्याकडे होते. निवडणूक झाली, ठराव झाला, पेढे वाटले गेले. मात्र कार्यकारिणीतील बदल धर्मादाय कार्यालयास कळविण्याचे आमच्याकडून राहून गेले. रुग्णांची गर्दी, मग पावसाळा, मग दिवाळी. आमच्यानंतर आलेल्या सचिवांनी मेळघाटात मुलांच्या कर्णतपासणीचे शिबिर योजिले. कर्णस्रावाने जर्जर झालेली आणि कमी ऐकू येत असल्यामुळे शाळेत ‘ढ’ ठरलेली मुले तेथे थोडी नाहीत. अमरावतीचे एक श्रवणतज्ज्ञ आपले यंत्र घेऊन येण्यास तयार होते. खर्चासाठी बँकेत गेल्यावर बँकेने नव्या सह्यांसाठी शेड्यूल वनचा उतारा मागितला. उताऱ्यावर आमच्याही आधीच्या मंडळींची नावे होती. त्यांपैकी एक दिवंगत, एक पुण्यास स्थायिक. पैसा होता, पण तो काढण्याचा अधिकार कागदावर कोणासच नव्हता. शिबिर रद्द झाले. दोष सर्वस्वी आमचा होता.

सोसायटी नोंदणी कायदा, १८६० याखाली नोंदलेली संस्था आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्याही कक्षेत येते, हे बहुतेक पदाधिकाऱ्यांना ऐकून माहीत असते. त्याचा अर्थ मात्र ठाऊक नसतो. विश्वस्तांत वा कार्यकारिणीत बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी हिशेब मिळवून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही. ‘आपली संघटना लहान, आपल्याला कोण विचारतो’ ही समजूत घातक आहे. वादाचा प्रसंग आला, दोन गटांनी दोन कार्यकारिणी जाहीर केल्या, की सारे काही त्या राहून गेलेल्या अर्जांपाशी येऊन थांबते. वऱ्हाडात अशा भांडणांची टंचाई नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. आमच्या मते संघटनेत पदाधिकारी हा भिषक् नव्हे, उपस्थाता होय. उपस्थात्याच्या ठिकाणी परिचर्येचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शौच अपेक्षित आहे. यांपैकी दक्षता व शौच हे गुण आचार्यांनी वैद्याच्या ठिकाणीही सांगितले आहेत, हे ध्यानात घ्यावे. आम्ही मात्र अध्यक्ष निवडताना वक्तृत्व पाहतो, सचिव निवडताना धावपळ पाहतो, आणि कोषाध्यक्षपदासाठी नाही म्हणता न येणारा सज्जन शोधतो!

शौच म्हणजे केवळ हिशेबाची पावती नव्हे. वर उल्लेखिलेल्या श्रवणतज्ज्ञांशी पुढे एकदा बोलणे झाले. ते म्हणाले, “वैद्यराज, आमच्यात कान तपासणारा आणि श्रवणयंत्र विकणारा पुष्कळदा एकच असतो. म्हणून आमच्या संघटनेत पदावर बसणाऱ्याने कोणत्या कंपनीशी आपला व्यवहार आहे ते आधी सांगितले पाहिजे.” आम्हांस आपली परिसंवादांची परंपरा आठवली. व्यासपीठामागचा फलक औषधनिर्मात्याचा, भोजन औषधनिर्मात्याचे, आणि कित्येकदा त्याच कंपनीची एजन्सी आयोजन समितीतील सदस्याकडे. औषधनिर्मात्यांचे साहाय्य घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. त्यावाचून जिल्हा पातळीवरचा परिसंवाद होणे कठीण आहे. पण ज्याचा संबंध आहे त्याने तो सभेत सांगावा, इतिवृत्तात नोंदवावा आणि त्या विषयाच्या निर्णयातून उठून बाजूस बसावे. एवढ्याने कोणाची अब्रू जात नाही.

शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला आणि १९०९ साली ते निवर्तले. संस्थापक इतक्या लवकर गेल्यावरही ती संस्था टिकली. त्यांचे नाव आपण दरवेळी घेतो. त्यांच्यामागे पत्रे लिहिणारे, वर्गणी गोळा करणारे, वह्या जपणारे कोण होते ते आपल्यातील किती जणांस सांगता येईल?

दक्षतेची दुसरी बाजू सभासदांच्या संदर्भात आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोग आला. वैद्यकी नोंदणीच्या नूतनीकरणाचे नियमही पाळावे लागतात. शहरातील वैद्यास ही माहिती चहाच्या टेबलावर मिळते. धारणीच्या किंवा तेल्हाऱ्याच्या वैद्यास ती पुष्कळदा मुदत संपल्यावर कळते, आणि वर्गणी मात्र दोघांची सारखीच असते. धारणीहून अमरावतीस सभेला यायचे म्हणजे घाट उतरून पूर्ण दिवस मोडतो. त्याचे बोलणे विषयपत्रिकेच्या शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून ढकलले, तर तो पुढच्या वेळी येणार नाही. नंतर आपणच म्हणतो, ग्रामीण सभासद निष्क्रिय आहेत.

म्हणून आमची एक सूचना आहे. अमरावती व अकोला येथील मंडळींनी पुढील वार्षिक सभा एकत्रितपणे मूर्तिजापूरला घ्यावी. लोहमार्गावर ते दोहोंच्या मध्ये पडते; सकाळच्या गाडीने दोन्हीकडून येता येईल. सत्कारापूर्वी दप्तराची यादी मोठ्याने वाचावी : इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, लेखापरीक्षणाचे अहवाल, बदल अर्जाची पोच. जे नसेल ते नाही असे लिहून घ्यावे आणि खाली जुन्या-नव्या सचिवांच्या सह्या घ्याव्यात. आमच्या कारकिर्दीतील ती न मिळालेली पोच यादीत पहिल्या क्रमांकावर घातली तरी आमची हरकत नाही.